बर्फावरच्या हॉकीचा मौका पंचनामा

माझं अक्षर चांगलं आहे, हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा तोटा. ते गिचमिड असतं तर मला कुणी चरित्रकोश समितीची चिटणीस केलं नसतं, आणि भर मे महिन्यात लातूरच्या अडत बाजारात, बर्फाच्या सोळा लाद्यांसमोर स्टूल टाकून, मांडीवर फायलीचा पुठ्ठा घेऊन बसायची पाळी माझ्यावर आली नसती. पण आली. आली म्हणून सांगते.

मी मूळची नांदेडची. गोदावरीच्या काठची, म्हणून पाण्याच्या बाबतीत जरा माजलेली. लग्न होऊन लातूरला आले, मुलींच्या शाळेत शिकवायला लागले आणि पाच-सहा वर्षांत तो सगळा माज घागरीगणिक उतरला. लातूर वेगळा जिल्हा झाला त्याच सुमाराला पाऊसही असा रुसला, की नळाला आठ-आठ दिवस पाणी नसायचं. जिल्हा आला आन् पाणी गेलं, असं आमच्या गल्लीतल्या बाया म्हणायच्या. मी 'आमच्या नांदेडला' म्हणून तोंड उघडलं, की शेजारीण म्हणायची, "मग तिकडंच ऱ्हायचं की बाई. हितं रांगंत कशाला उभ्या ऱ्हायल्या?" मी घागर पुढं सरकवायचे.

पुरुषमंडळींचं ध्यान मात्र पाण्याकडं नव्हतं, जिल्ह्याकडं होतं. नव्या जिल्ह्याला नवी पाटी मिळाली, नवी कचेरी मिळाली. आता स्वतःची थोर माणसंही पाहिजेत, असं काही वडीलधाऱ्यांच्या मनानं घेतलं. आजवर आपल्याकडचा माणूस कितीही मोठा झाला तरी कागदावर तो उस्मानाबाद जिल्ह्याचा व्हायचा. ते पुरे झालं म्हणाले. लातूर जिल्ह्यातल्या नामवंतांचा चरित्रकोश काढायचा ठरला. ही समिती सरकारी नव्हती, आपली हौशी होती. तिच्या बैठका दर रविवारी सकाळी अध्यक्षांच्या अडत दुकानाच्या माडीवर भरायच्या. त्यांचं घरही तिथंच आतल्या बाजूला होतं, चहा तिथून यायचा.

अध्यक्षांना सगळे अप्पा म्हणायचे. तूर-हरभऱ्याचे मोठे अडते, लिंगायत, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, शब्दाला पक्के. दारूचं नाव काढलं तरी कानावर हात ठेवणारा माणूस. खोकल्याच्या औषधाचं बूच उघडलं की आधी वास घ्यायचे, मग घोट. दुसरे होते पेशकारसाहेब. निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकले, तहसिलीत पेशकार म्हणून साहेबापुढं कागद ठेवण्यात आयुष्य काढलं, आणि निवृत्त होऊन वर्षं झाली तरी अंगातली कचेरी काही निवृत्त झाली नव्हती. एकदा बैठकीत माझ्या हातून कपाचा कान तुटला, तर या गृहस्थानं त्याचा पंचनामा केला. 'सदर कप हा कानाविना आढळून आला,' असं माझ्याच अक्षरात माझ्याकडूनच लिहून घेतलं. आणखी दोन सभासद होते. ते चहा आला की जागे व्हायचे.

आम्ही बाजारात एक कागद डकवला, की नामवंतांनी अर्ज करावेत. तिथंच चुकलं. आठवड्याभरात निम्मा जिल्हा नामवंत निघाला. एकानं लिहिलं, मी मॅट्रिकला नऊ वेळा बसलो पण धीर सोडला नाही. ते पेशकारसाहेबांनी शिक्षण विभागात ठेवलं. औशाकडच्या एकाला आपल्या मेलेल्या म्हशीची नोंद पाहिजे होती. बर्फाच्या कारखान्याचे मालक तर दर रविवारी खाली येऊन उभे राहायचे आणि विचारायचे, 'उद्योग विभागाचं काय झालं?' या सगळ्यांना आवरायला पेशकारसाहेबांनी एक नियम काढला. माणूस कोशात घ्यायचा तर छापील दस्तऐवज पाहिजे. तो नसेल तर पाच पंचांनी डोळ्यानं पाहिलेलं पाहिजे. तिसरं काही चालणार नाही.

त्यानंतरच्या रविवारी हवालदार आले. उदगीरकडचे, लष्करातून पेन्शनीत निघालेले, ताठ, भरघोस मिशांचे. बोलताना मात्र तोंडापुढं हात धरायचे. मला वाटलं लाजरे आहेत. मी अर्ज मोठ्यानं वाचला. "विभाग, क्रीडा. खेळ, आइस हॉकी."

पेशकारसाहेबांनी चष्मा पुसला. "म्हणजे काय असतंय हे?"

"लेहकडं थंडीत पाणी गोठतं साहेब," हवालदार हातामागून म्हणाले. "त्याच्यावर खेळायची हॉकी. बुटाला पातं असतं. आमच्या पलटणीची टीम होती. मी चार हिवाळे खेळलो."

"किती पाणी गोठतं?" झोपलेल्या सभासदांपैकी एकजण चहा नसताना जागा झाला.

"तळं."

"आख्खं तळं?"

"हाव."

"आन् तुम्ही त्याच्यावर नुस्तं पळत ऱ्हायले? पेत न्हाई कुणी?"

कोपऱ्यातला माठ सकाळपासून उपडा होता. एवढं पाणी जगात कुठंतरी पायाखाली घालायला आहे, ही गोष्ट कुणालाच नीट गिळता येईना. मलाही येईना, आणि मी तर गोदावरीकाठची.

"मार लागतो का ह्यात?" पेशकारसाहेबांनी विचारलं.

हवालदारांनी तोंडापुढचा हात काढला. वरचे पुढचे दोन दात नव्हते. "ह्याच्यातच गेले," ते म्हणाले.

इतका वेळ अप्पा भिंतीकडं बघत बसले होते. ते उठले, धोतराचा सोगा सावरला आणि आत गेले. हवालदार मान खाली घालून जिना उतरले. मी तोंडाचा आ करून बघत राहिले, तेव्हा पेशकारसाहेब माझ्या कानाशी म्हणाले, "बाई, ते अप्पाचे जावई हैत."

मग कळलं ते असं. दोन वर्षांमागं अप्पांची लेक नागपंचमीला माहेरी आली होती. हवालदार रजेवर आले ते थेट तिला न्यायला लातुरात, आणि आले ते दोन दात गमावून. अप्पांनी दारातच विचारलं, दात कुठं गेले. जावई म्हणाले, बर्फावर गेले. झालं. अप्पांच्या मते बर्फ ही वस्तू जगात एकाच कामाला लागते, आणि ते काम गिलासात होतं. पिऊन मारामारी केली आणि वर तोंड करून खोटं बोलतो, असं ते भर बाजारात म्हणाले. हवालदारही मानी. "शिद्ध करून दाखवीन, मगच न्यायला येईन," असं बोलून पाठ फिरवून गेले. तेव्हापासून लेक माहेरी, जावई गावाकडं. पेन्शनीत निघाले तरी तेच. आता कोशाचा कागद बघून बिचाऱ्याला वाटलं, छापून आलं की सासऱ्याला मानावं लागेल आणि बायको घरी येईल.

मला सगळ्यांचाच राग आला. बाई आत बसली आहे, नवरा बाहेर उभा आहे आणि मधे चरित्रकोश. पण मी चिटणीस. मी काय केलं, तर हवालदारांच्या अर्जाला नंबर घातला.

पुढची बैठक वादळी झाली. हवालदारांनी एक फोटो आणला होता. त्यात बारा माणसं काठ्या घेऊन उभी, आणि प्रत्येकानं माकडटोपी अशी ओढलेली की नुसते डोळे दिसावेत. "ह्यातला मी डावीकडून चौथा," हवालदार म्हणाले. अप्पा म्हणाले, "ह्यातला मीबी असू शकतो." पलटणीच्या साहेबांच्या सहीचं पत्र होतं, पण ते टाइप केलेलं होतं, आणि टाइप केलेलं म्हणजे छापील का, यावर पेशकारसाहेब अर्धा तास बोलले. ते छापील नव्हे, असं ठरलं.

मग मूळ मुद्दा आला, की हा माणूस नामवंत आहे का. मी म्हणाले, "आपल्या जिल्ह्यात हा खेळ खेळलेला दुसरा कुणी नाही. म्हणजे हे पहिलेच झाले."

"एकटाच हाय म्हणून पहिला," अप्पा म्हणाले. "मग शेवटलाबी तोच. असा शेवटला नंबर आला तर आपण कोशात घालून ऱ्हायलोत का?"

"कुठल्या राज्याकडून खेळलात?" पेशकारसाहेबांनी विचारलं.

"न्हाई साहेब, पलटणीकडूनच."

"किती गोल केले?"

हवालदार प्रामाणिक होते, हीच त्यांची अडचण. "एकबी न्हाई," ते म्हणाले. "मी गोलकीपर होतो."

दात कसे गेले हे त्यानं जरा पटण्यासारखं झालं, पण थोरवी घटली. एक सभासद म्हणाले, गोल अडवणं म्हणजे काही करणं नव्हे, न होऊ देणं आहे. न झालेल्या गोष्टीची नोंद कशी करणार? मी म्हणाले, मग धीर न सोडता नऊ वेळा नापास झालेल्याची कशी केली? त्यावर ते पुन्हा झोपले.

शेवटी पेशकारसाहेबांनी टेबलावर हात आपटला. त्यांचा चेहरा मी कपाच्या पंचनाम्यानंतर पहिल्यांदाच इतका खुललेला पाहिला. "दस्तऐवज न्हाई ना? मग मौका पंचनामा. जागेवर बर्फ आणा, ह्यांना खेळू द्या, आपण पाचजण पंच म्हणून बघू. वाद खतम."

बर्फ कुठून आणणार, असं कुणी विचारायच्या आतच खालून आवाज आला, "उद्योग विभागाचं काय झालं?"

असा तो रविवार उजाडला. कारखान्याच्या मालकांनी एका ट्रॅक्टरमधून भुशात घातलेल्या सोळा लाद्या पाठवल्या. दुकानासमोरच्या अंगणात पोती अंथरून त्या चार-चारच्या रांगेत मांडल्या. पेशकारसाहेबांनी टेप लावून चारही बाजू मोजल्या आणि मला लिहायला लावल्या. लिहून होईपर्यंत त्या बाजू दोन बोटं आत सरकल्या होत्या, म्हणून त्यांनी पुन्हा मोजल्या. तिसऱ्यांदा मोजायला वाकले तेव्हा मी म्हणाले, "साहेब, तुम्ही मोजत बसाल आणि पंचनामा चिखलाचा करावा लागेल."

हवालदारांनी लष्करी बूट चढवले होते. बुटांना खाली लोहाराकडून करवतीची जुनी पाती ठोकून घेतली होती. हातात डोंग्या उसासारखी वाकडी काठी. गावाहून येताना ते एस.टी.त हे सगळं मांडीवर घेऊन बसले होते म्हणे, आणि कंडक्टरनं विचारलं तेव्हा शेतीची औजारं म्हणून सांगितलं होतं. आज दाढी गुळगुळीत होती. अंगणात आल्यावर त्यांनी एकदाच वर माडीच्या खिडकीकडं पाहिलं. खिडकीला अप्पांची लेक उभी होती. मला तेव्हा त्या माणसाची लई कीव आली.

पण एक गोष्ट आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. अंगणात बर्फ मांडलाय ही बातमी पाच पंचांच्या आधी गल्लीतल्या बायांना पोचली होती. त्या पाठोपाठ घागरी, बादल्या, पितळी पातेली आणि एक लहान मुलाचा आंघोळीचा टब घेऊन त्या आल्या. पुढं माझीच शेजारीण. लाद्यांच्या कडेनं पाणी निथळायला लागलं होतं, तिथं त्या रांग लावून बसल्या आणि धारेखाली भांडी धरली.

"बायांनो, मौका बिघडून ऱ्हायला," पेशकारसाहेब ओरडले. "मागं सरा."

"पाणी जिमिनीत चाललंय आन् मागं सरू व्हय?" शेजारीण म्हणाली. "तुमचं नाटक चालू द्या की. आमी काय धरलंय का तुमाला?"

"हे नाटक न्हाई, पंचनामा आहे."

"मंग त्यात लिव्हा, की बाया तहानल्या हुत्या."

मी खरंच लिहिलं. ते वाक्य अजून त्या कागदावर आहे.

अप्पांनी इशारा केला आणि हवालदार बर्फावर चढले. पहिल्या पावलाला पातं रुतलं. दुसऱ्याला त्यांनी अंग जरा पुढं टाकलं, गुडघा वाकवला आणि ते निघाले. तीन लाद्या. फार तर तीन. पण काय सांगू, तो बोजड, पन्नाशीकडं झुकलेला माणूस त्या तीन लाद्यांवर असा सरकला, की जमिनीचा आणि त्याचा काही संबंध उरला नाही. बायांनी भांड्यांवरची नजर काढली. पेशकारसाहेबांच्या हातातली टेप सटकन गुंडाळली गेली. मला स्वतःला एवढा आनंद झाला की टाक उचलायचा राहिला.

चौथ्या लादीची कड शेजारणीनं आधीच दगडानं फोडून पातेल्यात घातली होती. पातं त्या खाचेत गेलं, हवालदार आडवे झाले आणि त्यांची हनुवटी धाडकन त्यांच्याच काठीवर आपटली. मग ते उठून बसले, तोंडात बोट घातलं आणि खालचा एक दात काढून तळहातावर ठेवला.

अप्पा तिथवर चालत गेले. वाकले. जावयाच्या तोंडाशी नाक नेलं आणि, खोकल्याच्या औषधाचा घ्यायचे तसा, डोळे मिटून लांब वास घेतला. अप्पा सरळ झाले आणि हळू म्हणाले, "वास न्हाई."

"लिहा बाई," पेशकारसाहेब म्हणाले. "सदर इसम हा बर्फावर चालता, नव्हे, घसरता झाला. त्याचा एक दात पंचांसमक्ष पडला. तोंडास दारूचा वास आढळून आला नाही. सबब, दात हे बर्फावरही पडू शकतात, अशी पंचांची खात्री झाली."

मी लिहिलं. एकेकानं सही केली. अप्पांनीही केली.

तेवढ्यात त्यांची लेक खाली आली. पदर खोचलेला, चाल भरभर. तिनं शेजारणीच्या पातेल्यातून बर्फाचा खडा उचलला, पदराच्या टोकात बांधला आणि नवऱ्याच्या हनुवटीला लावला. हवालदारांनी पंचनाम्याचा कागद तिच्यापुढं धरायला माझ्याकडं हात केला.

"ऱ्हाऊ द्या तो कागुद," ती म्हणाली. "मला पैल्या दिशीच खरं वाटलं हुतं."

हवालदार तिच्याकडं बघतच राहिले. "मग बोलली का न्हाईस?"

"कुणी इचारलं का मला? तुमी दारातून गेलात तवा माज्याकडं वळून बघितलं न्हाई. आप्पांला शिद्ध करून दावायचं, पेशकारकाकांला दावायचं, ह्या बाईंला दावायचं. दोन वर्सं झाली. एकदा 'चल' म्हनला असता तर मी त्याच पावली आले असते."

मी पुठ्ठ्याकडं बघत राहिले. त्या फायलीत सगळ्यांचे जबाब होते. साहेबांचं पत्र होतं, फोटो होता, लाद्यांची तीन मापं होती. या बाईला एक प्रश्न विचारावा, असं एकाही बैठकीत एकाच्याही मनात आलं नव्हतं. पुरुषांचं मी एक वेळ समजू शकते. मी बाई असून, दर रविवारी तिच्याच हातचा चहा पीत असून, मला सुचलं नाही. याची लाज मला आजही वाटते आणि ती वाटलीच पाहिजे.

पेशकारसाहेब खाकरले. "हवालदार, नोंदीला पात्र ठरलात. फारमावर सही करा."

हवालदारांनी ऐकलंच नाही. त्यांच्या तोंडात रक्त होतं, ओठ सुजला होता आणि आता तीन दातांची जागा रिकामी होती. त्या सगळ्यातून ते बायकोला म्हणाले, "चल."

फॉर्म सहीवाचून राहिला, म्हणून नियमाप्रमाणे कोशात हवालदार नाहीत. मॅट्रिकवाले आहेत.

अप्पा पायरीवर बसले होते. त्यांनी कपाळ पुसलं तेव्हा भस्माचा एक पट्टा पुसून गेला. "आजच निघतीस व्हय?" ते लेकीला म्हणाले. "सामान भराय येळ लागंल, पोरी. उद्या जा."

"भरलेलंच हाय," ती म्हणाली. आत गेली आणि पत्र्याची ट्रंक ओढत घेऊन आली. कुलपावर गंज चढला होता. पंचमीला आली तेव्हाच, नवरा न्यायला येणार त्याच्या आदल्या दिवशी, तिनं ती भरून ठेवली होती, आणि मग उघडलीच नव्हती. दोन वर्षं ती आईच्या जुन्या लुगड्यांवर राहिली, आणि त्या घरात ते कुणाला दिसलं नव्हतं.

अप्पा ट्रंकेकडं बघत राहिले. बाजारातला एक हमाल पुढं आला तर त्याला त्यांनी हातानं बाजूला केलं. ट्रंक स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि भर दुपारच्या उन्हात, लेक-जावयाच्या मागं, उदगीरच्या गाडीपर्यंत चालत गेले.